उगवतीचा समुद्र

बदलीच्या नोकरीत माणसाला घर मिळते, भिंत मिळत नाही. सरकारी निवासस्थानाच्या भिंतीत खिळा ठोकायला हातोडी उचलली की हात आपोआप थबकतो. उद्या हुकूम आला तर खिळा उपटावा लागेल, भोक बुजवावे लागेल, आणि घर रिकामे करताना कोणी त्यावर बोट ठेवले तर चार खेपा घालाव्या लागतील, असा हिशेब मनात सुरू होतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत आम्ही ग्वाल्हेर, कानपूर, रांची आणि हैदराबाद अशी चार गावे केली आणि एकाही भिंतीत खिळा ठोकला नाही. वडिलांची तसबीर प्रत्येक गावी कपाटावर, भिंतीला टेकून उभी राहिली. दूरदर्शन संचाचे मूळ खोके थर्मोकोलच्या तुकड्यांसह माळ्यावर जपलेले असे. तुळस कुंडीत, मोगरा कुंडीत. जमिनीत काही लावायचे नाही. शेजाऱ्यांशी बोलणे गोड, पण बेताचे. या मासिकाच्या वाचकांना हे वर्णन परके वाटू नये. पुष्कळांच्या माळ्यावर तसले खोके या क्षणीही असेल.

2022 साली आमची बदली चेन्नईस झाली, तेव्हा तेच खोके घेऊन आम्ही तेथे गेलो. निवासस्थान शहराच्या पश्चिम अंगास होते; तेथून समुद्र दहा-बारा किलोमीटर. आम्ही जन्माने दापोलीकडचे. समुद्राच्या गाजेवर झोपी जाण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने समुद्राच्या शहरात येऊन सहा महिने समुद्र पाहू नये, हे कोणासही चमत्कारिक वाटेल. पण आमचा समुद्र गावी होता आणि निवृत्तीनंतर तो आम्हांला मिळणारच होता. दुसऱ्याच्या समुद्राशी सलगी कशाला, असे काहीसे मनात असावे.

नाताळच्या सुटीत आमचे मेहुणे सहकुटुंब आले आणि समुद्र दाखवा म्हणून बसले. मरीना सर्वांना ठाऊक असते. पण कचेरीतले एक तमिळ सहकारी म्हणाले, "मरीनावर पुतळे पाहायचे. माणसे पाहायची असतील तर बेझंट नगरला जा." त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा होती, ती आम्हांला संध्याकाळी समजली.

बेझंट नगर ही अड्यार नदीच्या मुखाच्या दक्षिणेची वस्ती. 1970 नंतरच्या दशकात गृहनिर्माण मंडळाने आखून बांधलेली. सरळ गल्ल्या, दुतर्फा झाडी, आणि पूर्वेस एलियट्स बीच. वस्तीतल्या तरुण मंडळींनी तिचे लाडके नाव 'बेसी' असे ठेवले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. समुद्रकाठच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी चाकाच्या फळ्यांवरून घसरत होते, कोणी कठड्यावर बसून गिटार छेडत होते. एका कोपऱ्यात चारपाच मुले हातात काठी घेऊन सिलंबम् खेळत होती. काठी फिरताना दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. केसांना निळा रंग दिलेली एक मुलगी वाळूत बसून समोरच्या नावेचे चित्र काढीत होती आणि तिच्या पाठीशी एक आजोबा, कपाळावर विभूती लावून, गंभीरपणे त्या चित्रातल्या चुका पाहत होते. तळलेल्या मासळीचा वास, भाजलेल्या कणसांचा धूर, भज्यांच्या कढया, फुग्यांवर बंदूक मारायचे फलक. तरुण जोडपी समुद्राकडे तोंड करून बसलेली, म्हणजे त्यांची तोंडे कोणाला दिसू नयेत अशी. आमच्या हिशेबखात्यात वाढलेल्या मनाने सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली.

सहा वाजत आले, तसे आम्ही मेहुण्यांना म्हटले, "चला, आता सूर्यास्त पाहू." पाण्याच्या कडेला जाऊन सर्व मंडळी एका ओळीत उभी केली. छायाचित्र काढण्याची सिद्धता झाली. आकाश फिकट होत गेले, समुद्र आधी करडा आणि मग काळा झाला, पण सूर्याचा पत्ता नाही. शेजारी सुंडलची टोपली घेऊन एक पोरगा उभा होता. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी न राहवून त्याने आमच्या पाठीमागे, इमारतींच्या वर राहिलेल्या तांबूस उजेडाकडे बोट केले आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले की सूर्य इथे सकाळी असतो, संध्याकाळी तो गावात जातो.

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनात कोठेतरी खट्टू झालो. भूगोल आम्हांला ठाऊक नव्हता असे नाही. परंतु कोकणच्या माणसाच्या ठायी 'समुद्र' आणि 'मावळती' हे दोन शब्द नसून एकच आहे. सूर्य पाण्यात बुडायचाच. पंचावन्न वर्षे आम्ही समुद्र एका बाजूनेच पाहिला होता, आणि तीच समुद्राची बाजू असे धरून चाललो होतो. त्या पोराचे वाटाणे, वर ओले खोबरे आणि कैरीचे बारीक तुकडे, फार चवदार होते. सौभाग्यवतींनी दुसरा द्रोण मागितला. आमच्या स्मरणात, परगावच्या रस्त्यावर तिने दुसऱ्यांदा काही मागून घेतल्याचे ते पहिलेच उदाहरण.

त्यानंतर मेहुणे गेले, आणि आम्ही मात्र महिन्यातून दोन रविवार बेझंट नगरला जाऊ लागलो. पुढाकार अर्थात सौभाग्यवतींचा. आम्ही कारण म्हणून माहिती गोळा करू लागलो. हिशेबनिसाला कारणाशिवाय खर्च करवत नाही.

माहितीतून एक गोष्ट ध्यानी आली. या वस्तीत ज्यांची नावे राहिली आहेत, ती बहुतेक बाहेरून आलेली माणसे आहेत. जिच्या नावाची वस्ती, त्या ॲनी बेझंट 1893 साली हिंदुस्थानात आल्या. 1907 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1933 पर्यंत, त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या आणि शेवटचा श्वास त्यांनी येथेच अड्यारला घेतला. सोसायटीचे विस्तीर्ण उपवन वस्तीला लागूनच आहे. त्यातला शेकडो वर्षांचा वटवृक्ष प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ खोड 1989 च्या वादळात कोसळले; आज जे झाड पाहायला लोक जातात, ते पारंब्यांवर उभे आहे. वाळूत जे पांढरे कमानीचे बांधकाम दिसते आणि ज्याच्या सावलीत मुले क्रिकेट खेळतात, ते एका डॅनिश खलाशाचे स्मारक आहे. 1930 साली बुडणाऱ्यांना वाचवताना तो या पाण्यात गेला. लोक त्याला कार्ल श्मिट म्हणून ओळखतात. त्याचे येथे घर नव्हते, पत्ता नव्हता. पण आज निम्मे शहर एकमेकांना भेटीची खूण म्हणून 'श्मिटपाशी ये' असे सांगते.

आणि समुद्रकाठच्या रस्त्यावरच, कडुनिंबाच्या झाडीत, चंद्रलेखांचे घर. नृत्याच्या जगात ज्यांनी वादळ उठवले, त्या चंद्रलेखांचा जन्म 1928 चा, आणि तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आपल्या वाडा गावचा, हे कळले तेव्हा आम्ही त्या फाटकासमोर जरा वेळ उभेच राहिलो. कायद्याचे शिक्षण सोडून त्या नृत्य शिकायला मद्रासला आल्या, पुढे भरतनाट्यम् करता करता त्याच्या अलंकारांना कंटाळल्या, कित्येक वर्षे रंगमंचापासून दूर राहिल्या, आणि 1985 साली 'अंगिका' घेऊन परतल्या. भरतनाट्यम्, योग आणि केरळचे कळरिपयट्टू यांतून शरीराची मूळ भाषा शोधावी, असा तो ध्यास होता. जुन्या मंडळींना तो रुचला नाही, तरुणांना त्याने वेड लावले. पांढरेशुभ्र केस मोकळे सोडून वावरणाऱ्या या बाईंच्या घरी चित्रकार, छायाचित्रकार, नर्तक, विद्यार्थी यांचा राबता असे, आणि अंगणातल्या 'स्पेसेस' नावाच्या जागेत तालमी व प्रयोग होत. 2006 च्या डिसेंबरात त्या याच घरी वारल्या. कलंदरपणा म्हणजे बेशिस्त, असा आमचा समज होता. पण दिवसाचे कित्येक तास एकाच पावित्र्याची तालीम करणाऱ्यांना बेशिस्त कोण म्हणेल? थोडे दक्षिणेस, तिरुवान्मियूरला, रुक्मिणीदेवींनी 1936 साली स्थापलेले कलाक्षेत्र आहे. तेथली शिस्त पारंपरिक, येथली बंडखोर. दोहोंच्या मध्ये चालत पंधरावीस मिनिटांचे अंतर असावे. एका किनाऱ्याने दोन्ही सांभाळली.

वाड्याहून निघताना त्या बाईंनी परतीचे खोके जपून ठेवले असेल काय, हा प्रश्न आम्हांला त्या फाटकासमोर पडला. तो आम्ही मोठ्याने विचारला नाही.

याच वस्तीत राजाजी भवन आहे, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांनी भरलेले, आणि आमच्यासारख्यांची निवासस्थानेही आहेत. कलंदरांच्या गल्लीत फायली घेऊन जाणारी आमची जात संध्याकाळी सुटते, कठड्यावर क्षणभर टेकते आणि घड्याळ पाहते. कोणाही परक्या गावी आपल्या बांधवांना दुरून ओळखावे ते या घड्याळ पाहण्यावरून.

परंतु या वस्तीची सारी मौज रस्त्यावरच्या तरुणांत आहे असे मानणे अपुरे होईल. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला ऊरूर-ऑलकॉट कुप्पम् ही कोळ्यांची वाडी आहे. बेझंट नगर अवघे पन्नास वर्षांचे. वाडी त्याच्या कितीतरी आधीची. ज्या वाळूवर शहर हवा खायला येते, तीच यांची कचेरी. नावा येथेच ओढायच्या, जाळी येथेच सुकवायची आणि दुरुस्त करायची. पूर्वी लाकडे बांधून केलेल्या कट्टुमरम्‌वरून जात, आता नावा फायबरच्या झाल्या आणि त्यांना यंत्रे लागली. पलीकडे अड्यारच्या मुखावर एक तुटका पूल आहे. 1977 साली नदीने तो तोडला, तो पुन्हा जोडला गेला नाही. चित्रपटवाल्यांना तो फार आवडतो. कोळ्यांना मात्र तो आवडण्यासाठी नव्हे, पलीकडे जाण्यासाठी हवा होता.

सौभाग्यवतींची तेथे एका मासळीवालीशी गाठ पडली. बाई साठीच्या पुढच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, आवाज भरतीचा. भाषेचा प्रश्न मासळीनेच सोडवला. वंजरम् म्हणजे आपली सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, इरा म्हणजे कोळंबी, इतक्या शब्दांवर दोघींचा व्यवहार सुरू झाला. काय हाक मारावी, हाही प्रश्न उरला नाही. थोरल्या बहिणीला तमिळमध्ये 'अक्का'च म्हणतात. सौभाग्यवती तिला अक्का म्हणू लागल्या आणि तीही यांना अक्काच म्हणू लागली. दोघींत थोरली कोण, याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही गेलो तर टोपल्या पालथ्या. पूर्वकिनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीची बंदी असते. आपल्याकडे ती जून-जुलैत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटायच्या, ही आमची पद्धत. पाऊसही निराळा, कोकणात छत्र्या मिटतात तेव्हा येथे ऑक्टोबरात उघडतात. सौभाग्यवतींनी अक्काला आपल्या नारळाची गोष्ट हातवारे करून सांगितली. अक्काने 26 डिसेंबर 2004 ची सांगितली. त्या रविवारी सकाळी समुद्र आधी मागे गेला आणि मग उभा राहून आला. तिची नाव गेली, जाळी गेली, माणसे वाचली. हे सांगताना तिने समुद्राचा उल्लेख एकदाही रागाने केला नाही. पोटच्या पोराने एकदा फार वाईट वागावे आणि आईने ते सांगावे, तसा तिचा सूर होता, असे सौभाग्यवती म्हणाल्या. तमिळ तिला आमच्यापेक्षा अधिक कळू लागले होते.

2015 साली या वाडीतच एक उत्सव भरू लागला होता. गायक टी. एम. कृष्ण आणि काही कार्यकर्ते व वाडीतली मंडळी यांनी मिळून तो मांडला. सभागृहातले कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यम् वाडीत आले आणि त्याच मंचावर परै वाजली. आम्ही तो पाहिला नाही. अक्काला विचारले तर म्हणाली, "गाणी फार लांब होती. पण माणसे आमच्या गल्लीत आली." याहून नेमके परीक्षण आम्ही वाचलेले नाही.

सप्टेंबरच्या आरंभी वेळांकण्णी मातेच्या चर्चकडे भगव्या वस्त्रांतले यात्रेकरू अनवाणी चालत येताना दिसले तेव्हा वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा आठवली. तिथी तीच, 8 सप्टेंबरची. किनाऱ्यावरच्या अष्टलक्ष्मीच्या देवळात लाटांचा आवाज घंटेत मिसळतो. आणि कोजागरीला आम्ही थर्मासमध्ये मसाला दूध घेऊन वाळूत बसलो तेव्हा, ज्या समुद्राने आम्हांला सूर्यास्त नाकारला होता, त्याने पाण्यातून वर येणारा पूर्णचंद्र दाखवला. आधी क्षितिजावर नुसता तांबडा ठिपका, मग भाकरीएवढा, मग पाण्यावर वाट. दापोलीच्या किनाऱ्यावर जन्म काढला असता तरी हे दिसले नसते. अक्काने दुधाचा पेला हातात घेऊन वास घेतला, जायफळाला नाक मुरडले आणि पेला रिकामा करून पुढे केला.

मुख्य गोष्ट पुढच्या फेब्रुवारीतली. हिवाळ्याच्या अखेरीस या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवी अंडी घालायला येतात. 1988 पासून चेन्नईतले विद्यार्थी आळीपाळीने रात्री किनारा चालतात, घरटी शोधतात आणि अंडी सुरक्षित उबवणगृहात नेतात, कारण रस्त्यावरचे दिवे पिलांना समुद्राऐवजी शहराकडे ओढतात. शनिवारी रात्री इतरांनाही बरोबर येता येते. नीलांकरैहून निघून बेझंट नगरपर्यंत सुमारे सात किलोमीटर वाळू तुडवायची. या वयात हे धाडस आम्ही का केले, याचे उत्तर सौभाग्यवतींपाशी मागावे. बरोबरची मुले विशी-बाविशीची. दिवसा गिटार वाजवणारी आणि केस रंगवणारी जी मुले आम्ही कठड्यावर पाहिली होती, त्याच जातीची. रात्री दोनच्या सुमारास त्यांतल्या एकाने वाळूवरचा माग ओळखला, गुडघ्यांवर बसून हाताने खड्डा उकरला आणि एकेक अंडे मोजून पिशवीत ठेवले. शंभरावर भरली. आमच्या तीस वर्षांच्या हिशेबांत इतक्या हळुवार हाताने आम्ही काही मोजले नव्हते.

मुलाने सांगितले की कासवी हजारो मैल फिरते, पण अंडी घालायला जिथे जन्मली त्याच किनारपट्टीला परत येते. आमच्या वेळासलाही हेच होते, असे आम्ही अभिमानाने म्हटले, आणि वर जोडले, "पाहिलेस? कासवालाही स्वगावीच बदली हवी असते."

सौभाग्यवती थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग चालता चालताच म्हणाल्या, "ते खरे. पण मधली वर्षे ती समुद्रात जगतेच ना? की तिथेही खोके जपून ठेवते?"

पाय वाळूत रुतत होते, म्हणून उत्तर न देणे खपून गेले. चार गावे, सत्तावीस वर्षे. ग्वाल्हेरला ती गाणे शिकणार होती. किती दिवस राहायचे आहे, म्हणून आम्ही शिकवणी लावू दिली नाही. प्रत्यक्षात सात वर्षे राहिलो. रांचीला शेजारच्या बाईंनी लेकीच्या लग्नाला चार दिवस आधी या म्हटले, तर आम्ही दोन तास जाऊन पाकीट देऊन आलो. कोणतेही गाव सोडताना आमच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, आणि आम्ही ते मनाचा खंबीरपणा समजत होतो. गाव सोडताना रडू यायला त्या गावात आधी राहावे लागते. आम्ही राहिलो नव्हतो. आम्ही आणि आमच्यामुळे तीही, प्रतीक्षागृहात बसलो होतो.

चारच्या पुढे श्मिटच्या कमानीपाशी पोहोचलो. मुले पांगली. आम्ही दोघे तेथेच बसून राहिलो. सहानंतर समुद्रातून सूर्य वर आला. ते आयुष्यातले पहिले दर्शन. त्याचे वर्णन करणार नाही; एवढेच सांगतो की घड्याळ पाहिले नाही.

त्या रविवारी दुपारी झोप काढून उठल्यावर आम्ही शेजाऱ्यांकडून हातोडी मागून आणली. वडिलांची तसबीर भिंतीवर लागली.

2025 च्या मेमध्ये हुकूम आला. आठ वर्षे आम्ही पुण्यासाठी अर्ज करीत होतो. हुकूम लखनौचा निघाला. निघण्याच्या आदल्या रविवारी पहाटे बेझंट नगरला गेलो. बंदीचे दिवस, नावा वाळूवर विसावलेल्या, अक्का जाळ्याच्या ढिगाजवळ बसलेली. सौभाग्यवतींनी तिला सांगितले. अक्का पुष्कळ बोलली, त्यातले आम्हांला थोडे कळले. उठताना सौभाग्यवती सवयीने मराठीतच म्हणाल्या, "येते, अक्का."

निरोप घेताना 'जाते' म्हणू नये, हे आमच्या आजीने आम्हांला शिकवले. तमिळमध्येही तसेच आहे. तेथेही नुसते जात नाहीत. 'पोयिट्टु वरेन' म्हणतात, म्हणजे जाऊन येते. अक्काने मराठी शब्दाचा अर्थ विचारला नाही. ती म्हणाली, "पोयिट्टु वा."

परतीच्या बसमध्ये सौभाग्यवती खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. आमचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. तीस वर्षांत प्रथमच एका गावाने आमच्याकडून त्याचे देणे वसूल केले.

लखनौला समुद्र नाही, गोमती आहे. सामान उतरले त्याच दिवशी दूरदर्शन संचाचे खोके आम्ही भंगारवाल्यास दिले. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या बदलीला लागेल की." आम्ही म्हटले, तेव्हाचे तेव्हा पाहू. आणि हातोडी शोधू लागलो.